दत्ताराम वाचतो कसा

मंगळवार, १० फेब्रुवारी १९८७

आज आठवा दिवस. दत्ताराम अजून पान चौदावरच!

जेवण झालं की खाटेवर मांडी घालतो, उशीवर पुस्तक ठेवतो, भुवया आवळतो. चांगला तासभर. मी भांडी घासता घासता बघते. पान उलटतो कधी कधी — मामंजींनी त्याच्याकडे मान वळवली की एक उलटतो. मग हळूच परत मागे. चौदा.

पुस्तक विजेच्या नियमांचं. मे महिन्यात सुपरवायझरच्या सर्टिफिकेटची परीक्षा आहे. त्याच्या कंपनीतले जुने सुपरवायझर दिवाळीला रिटायर होतायत. मोठे इंजिनियर स्वतः म्हणाले, "घाडी, सर्टिफिकेट आण, जागा तुझी." सगळ्या कारखान्यात त्याच्यासारखा वायरमन नाही — हे मी बायको म्हणून नाही म्हणत, सगळेच म्हणतात. मग पान चौदावर एवढं अडलंय कुठे?

(तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते. इथे दत्ताराम. इथे कोण बघतंय!)

बुधवार, ११ फेब्रुवारी

पहिल्या पाळीहून आले आणि तो यायच्या आत ते पान वाचून काढलं. अर्थिंगबद्दल आहे. मला दहा मिनिटं लागली. सगळं कळलं असं नाही, पण वाचून तर झालं! वेणीतला एक केस काढून पान पंधरावर ठेवलाय. बघूया.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

केस जागच्या जागी.

सुहासिनीला सांगितलं. औषधाच्या कंपनीत आम्ही दोघी एकाच टेबलावर असतो — सिरपच्या बाटल्यांची लेबलं तपासायची, नाव, बॅच, तारीख. ती म्हणाली, "पुस्तकाआड पुरुष दुसऱ्या बाईचा विचार करतात गं." मी हसले. पण घरी येऊन त्याच्या शर्टाचे खिसे बघितले. काय मिळालं? टेस्टर, दोन स्क्रू आणि खडीसाखरेचा एक खडा.

लाज वाटली स्वतःची.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

एक फुकट गेलेलं लेबल मुद्दाम घरी आणलं. छापणाऱ्यानं 'मुलांसाठी'च्या जागी 'मुलींसाठी' छापलं होतं. मजा म्हणून त्याच्यापुढे धरलं — "ह्यात चूक शोधा बघू!"

त्यानं लेबल घेतलं. लांब धरलं, जवळ धरलं. "चष्मा लावायला पाहिजे," म्हणाला आणि मोरीत गेला.

चष्मा! शिडीच्या टोकाला जळालेला फ्यूज खाली उभा राहून ओळखणारा माणूस!

मग एकेक आठवायला लागलं. गावाहून पत्र आलं की, "वनमाला, तू वाच. तुझा आवाज चांगलाय." चाळीच्या कमिटीची नोटीस — तू वाच. लग्नाच्या पत्रिका — तू वाच. सहा वर्षं मी ते कौतुक समजत होते. लाजत पण होते.

सोमवार, २३ फेब्रुवारी

दुपारीच घरी आला. मामंजी देवळात गेले होते. चपला न काढता खाटेवर बसला. पाणी दिलं, हातात तसंच.

कंपनीत चिठ्ठ्या वाचायचं काम दादूचं. दादू म्हणजे त्याचा जोडीदार. दादू म्हणायचा, "हे लिहिलंय रे," आणि दत्ताराम कामाला लागायचा. आज दादू रजेवर. इंजिनियरची चिठ्ठी आली — पॅनल ६ चालू करा. दत्तारामनं वाचलं ९. नऊ नंबरच्या पॅनलमध्ये दोन माणसं आत हात घालून काम करत होती.

त्याची एक सवय आहे, कुठलंही पॅनल चालू करायच्या आधी स्वतः चालत जाऊन बघतो. कुणाच्या सांगण्यावर जात नाही. म्हणून ती दोघं दिसली. म्हणून आज ती घरी गेली.

"हात स्विचवर नव्हता गं," तो सारखा म्हणत होता. "पण पाय तिकडेच चालले होते ना!"

मग माझ्याकडे न बघता, माझ्याशी कधी बोलत नाही त्या मालवणीत म्हणाला, "माका वाचूक येना नाय, वनमाला."

मंगळवार, २४ फेब्रुवारी

सहा वर्षं! लग्न ठरवताना 'सातवी पास' सांगितलं होतं. आज त्याच्याशी बोलले नाही. चहा दिला — आदळून.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

राग आहेच. पण रागाच्या खाली एक किडा वळवळतोय, त्याला काय करू? वाचता येत नाही, तर हा माणूस बसचा नंबर कसा बघतो? दुकानाच्या पाट्या? तारांवरचे नंबर?

शेवटी विचारलंच.

"येतच नाही असं नाही गं," म्हणाला. "पाट्या ओळखीच्या झाल्यात, चेहऱ्यासारख्या. नवीन ओळ आली की वाट लागते. पहिलं अक्षर पकडलं की दुसरं निसटतं. दुसरं पकडेपर्यंत पहिलं काय होतं ते आठवत नाही. ओळ संपते तेव्हा हातात काहीच नसतं."

"अक्षरं पुसट दिसतात का?"

"नाय! लख्ख दिसतात. पण ध बघितला की तोंड घ म्हणतं. भ आणि म तसंच. सहा-नऊ तर विचारूच नको."

मग मी पान चौदा मोठ्यानं वाचलं. एकदाच. आणि त्यानं ते सगळं मला परत सांगितलं! क्रमानं, आकड्यांसकट. वर म्हणाला, "पण हे पुस्तकवाल्यानं चुकीचं लिहिलंय. आपल्या इथल्या मुरमात अर्थिंगचा पाइप एवढा वर गाडून चालत नाही."

मी पुस्तक मिटलं. मला दहा मिनिटांत वाचता आलं, कळलं अर्धं. ह्याला वाचता आलं नाही, आणि कळलं पुस्तकवाल्यापेक्षा जास्त. मग आमच्या दोघांत ढ कोण?

शनिवार, २८ फेब्रुवारी

आज त्याला म्हटलं, चाळीचं वायरिंग काढून दाखवा. जुन्या कॅलेंडरच्या मागे काढलं. बेचाळीस खोल्या, तिन्ही मजले, जिन्यातले दिवे, गच्चीवरचा पंप. मध्ये एकदाही थांबला नाही. पेन्सिल कागदावरून चालते तेव्हा हा माणूस वेगळाच असतो — खांदे खाली येतात, ओठांत गाणं येतं.

त्याच पेन्सिलनं 'पंप' लिहायला सांगितलं. 'पपं' लिहिलं. टिंबाची जागा कुठली, म्हणून बघत राहिला.

डोक्यात एक खोली उजेडाची आणि शेजारची अंधारी, असं असतं का? असेल तर का? कुणाला विचारायचं?

सोमवार, २ मार्च

सुहासिनीला विचारलं. नाव घेतलं नाही. "ओळखीतल्या एका माणसाचं असं असं आहे."

ती म्हणाली, "अगं, माझी नणंद अंधेरीला अशाच मुलांचा वर्ग घेते! हुशार असतात, पण वाचायला बसवलं की रडतात. शुभा तिचं नाव. किती वर्षांचाय तुझा हा मुलगा?"

"चौतीस."

तिच्या हातातली बाटली थांबली. माझ्याकडे बघितलं. मग पुढची बाटली उचलली आणि म्हणाली, "शनिवारी असते ती. सांगून ठेवते." बस, एवढंच. मैत्रीण असावी तर अशी.

शनिवार, १४ मार्च

मागच्या शनिवारी तो यायला तयार झाला नाही. "लहान पोरांच्या शाळेत मी काय करू?" म्हणून आज खोटं बोलले. म्हटलं, त्या बाईंच्या वर्गातला पंखा बिघडलाय, सुहासिनीला शब्द दिलाय. लगेच हत्यारांची पिशवी घेऊन निघाला!

अंधेरीला एका इमारतीच्या तळमजल्यावर खोली. सहा-सात मुलं. पंखा गरगर फिरत होता. त्यानं वर बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता पिशवी घेऊन हा परत फिरणार.

तेवढ्यात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी फळ्यावरचं वाचायला लागली, 'धरण'. ती म्हणाली, "घ… घरण." थांबली. मान हलवली. परत, "घरण." डोळ्यांत पाणी. शुभाबाई म्हणाल्या, "घाई नाही. बोटानं गिरव. आता बोल."

दत्ताराम पिशवी हातात धरून बघत उभा. मुलीनं गिरवलं, पुटपुटली — "धरण." ह्यानं सोडलेला श्वास मला ऐकू आला. मग पिशवी खाली ठेवली आणि त्या बुटक्या बाकावर बसला. गुडघे छातीला!

मुलं गेल्यावर शुभाबाईंनी दोन तास घेतले. आधीच सांगितलं, "मोठ्या माणसाला मी कधी तपासलेलं नाही. माझं शिक्षण मुलांपुरतं. चुकले तर सांगा." मला त्या आवडल्या.

अर्थ नसलेले शब्द वाचायला दिले, 'घभाट', 'धमूल' असले. दत्ताराम घामाघूम. "अर्थच नाही ते कोण वाचतं, बाई?" त्या म्हणाल्या, "तेच बघायचंय. अर्थ कळला की तुम्ही अंदाजानं पुढे जाता. फार हुशारीनं जाता." मग रंगीत ठोकळे दिले आणि चित्रात दाखवलंय तसं लावायला सांगितलं. लावून झाले तरी बाई घड्याळाकडे बघत. "अहो, मी घड्याळ सुरू करायचंच विसरले!" दुसरं चित्र दिलं. तेही तसंच.

शेवटी म्हणाल्या, "ह्याला डिस्लेक्सिया म्हणतात. डोळ्यांचा दोष नाही, बुद्धीचा तर नाहीच. अक्षर आणि त्याचा आवाज ह्यांची गाठ पडायला काहींच्या मेंदूला जास्त वेळ लागतो. जन्मापासूनच असतं."

"हा रोग बरा होतो?"

"रोग नाही हा. आणि जाणार पण नाही. पण वाट काढता येते."

परत बसमध्ये बसलो. मरोळ गेलं, साकीनाका गेला. मग म्हणाला, "म्हणजे मी ढ नाय."

"नाही."

"चौतीस वर्षं, वनमाला."

असल्फ्याला, "पंख्याचं खोटं बोललीस ना?"

"बोलले."

"झकास बोललीस."

सोमवार, १६ मार्च

डिस्लेक्सिया. डिस्लेक्सिया. हा शब्द मला स्वतःला तीनदा वाचावा लागला. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या दुखण्याला एवढा अवघड शब्द कुणी शोधला असेल?

रविवार, २२ मार्च

शुभाबाईंनी दोन कामं दिलीत. एक — पोस्टकार्डाला मधोमध एका ओळीएवढी खिडकी कापायची, पुस्तकावर सरकवायची, म्हणजे बाकीच्या ओळी गडबड करत नाहीत. दुसरं — ताटात रवा पसरायचा, त्यात बोटानं अक्षर काढायचं आणि काढताना मोठ्यानं म्हणायचं. घ. ध. घ. ध.

मिशीवाला माणूस, रव्यात बोट! दार लावून घेतलं होतं. पण मामंजी होतेच. मामंजी चाळीस वर्षं गिरणीत, संपानंतर आमच्याकडे आले. कमी बोलतात.

"ह्यो काय खेळ?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. जमेल तसं. जन्मापासून असतं, मुद्दाम करत नाही, बुद्धी चांगली असते. ते ऐकत राहिले. खिडकीबाहेर बघत.

मग म्हणाले, "मास्तर सांगत, पोरगो मुद्दाम करता. मी मारलंय ह्येका. पट्ट्यान मारलंय. मशीनच्या पट्ट्यान."

दत्ताराम खाली मान घालून रव्यात ध काढत होता. त्याचं बोट थांबलं.

मामंजी उठले, आमच्याशेजारी फरशीवर बसले. ताट ओढून घेतलं. तळहातानं रवा अलगद सारखा केला आणि परत त्याच्यापुढे सरकवलं.

"काढ," म्हणाले. "परत काढ."

रविवार, ५ एप्रिल

सुहासिनीचा टेपरेकॉर्डर आणलाय. ही पण शुभाबाईंचीच कल्पना, सगळं पुस्तक माझ्या आवाजात भरायचं. दत्ताराम ऐकणार, आणि ऐकता ऐकता पोस्टकार्डाच्या खिडकीतून तीच ओळ बघणार.

आवाज चांगलाय म्हणायचा ना? घे आता!

पण घाटकोपरमध्ये शांतता कुठली! सहारच्या विमानतळावर उतरणारी विमानं आमच्या गच्चीला हात लावून जातात. कुकरच्या शिट्ट्या. खालून "बोंबील, ताजे बोंबील!" आधी सगळं पुसून परत भरत होते. दत्ताराम म्हणाला, "राहू दे ना. लक्षात ठेवायला बरं पडतं." आता विचारलं, लोंबत्या तारांची उंची? — डोळे मिटतो, "विमान गेलं त्याच्यानंतर… हां!" आणि बरोबर सांगतो. मोटरचा नियम कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला.

हे कसं चालतं? माझ्या डोक्यात पान छापलं जातं. त्याच्या डोक्यात सगळी चाळच भरली जाते, आणि नियम तिच्यात राहायला येतात.

शुक्रवार, १० एप्रिल

गंमत! पॅकिंगच्या मशीनखाली वाकून बघितलं तर अर्थिंगची तार सुटलेली! फोरमनला दाखवली. "तुम्हाला कसं कळलं, घाडीबाई?"

पान चौदा!

गुरुवार, १६ एप्रिल

शुभाबाईंनी परीक्षेच्या ऑफिसला पत्र दिलं होतं. ह्यांना प्रश्न वाचून दाखवणारा माणूस द्यावा आणि अर्धा तास जास्त द्यावा, एवढीच विनंती. दोघं रजा टाकून गेलो.

खिडकीतले क्लार्क वाईट नव्हते. गोंधळले होते.

"आंधळे आहेत का?"

"नाही."

"हात मोडलाय?"

"नाही."

"मग वाचायला माणूस कशाला?"

मी शब्द सांगितला. त्यांनी तो लिहून घ्यायचा प्रयत्न केला, सोडून दिला. पत्र आत गेलं. दीड तासानं परत आलं, कोपऱ्यात लाल शाईत तीन शब्द.

बाहेर बसस्टॉपवर मी वाचायला घेतलं तर दत्ताराम म्हणाला, "थांब. मी." खिशातून पोस्टकार्ड काढलं, खिडकी शब्दांवर ठेवली. बोट सरकवत, ओठ हलवत. एक बस गेली. दुसरी गेली.

"नियमात. तर… तरतूद. नाही."

नवीन, अनोळखी ओळ, कुणाच्या मदतीशिवाय! पहिल्यांदाच वाचली. आणि वाचली तर ही! हसावं की रडावं कळेना. तो मात्र हसला. खरंच हसला.

बुधवार, २९ एप्रिल

आज जेवताना म्हणाला, "एक सांग. सुपरवायझर झालो की दिवसाला वीस कागदांवर सही. परत सहाचे नऊ झाले तर? मी ही परीक्षा देणं बरोबर आहे का?"

बायको म्हणून 'द्या' म्हणायचं होतं. पण त्या पॅनलमध्ये हात घालून बसलेल्या दोघांना पण बायका असतील.

शनिवार, २ मे

शुभाबाईंना त्यानं हेच विचारलं. त्यांनी उलटं विचारलं, "त्या दिवशी माणसं कशामुळे वाचली?"

"मी जाऊन बघितलं म्हणून."

"ज्यांना चांगलं वाचता येतं ते जाऊन बघतात?"

"नाय. ते कागद बघतात आणि स्विच दाबतात."

"मग तुमची सवय सगळ्यांना लावता येईल का ते बघा. बाकी तुम्ही ठरवा. मी विजेतली नाही."

येताना बसमध्ये सारा वेळ तो बोटांवर काहीतरी मोजत होता.

शुक्रवार, ८ मे

मोजत होता ते हे — आज पाळी सुरू व्हायच्या आधी त्यानं चौघा जोडीदारांना उभं केलं आणि सांगून टाकलं. "मला नीट वाचता येत नाही. सहा-नऊ कळत नाही. आजपासून चिठ्ठी आणणारा मोठ्यानं वाचेल. चालू करणारा ते परत बोलून दाखवेल. मग जाऊन पॅनलला हात लावून यायचं. मगच स्विच. मी असो, नाहीतर तुम्ही."

मला वाटलं, हसले असतील. दादू म्हणे म्हणाला, "दत्ता, आम्हाला कधीचं माहीत आहे रे! कुणी बोलायचं, म्हणून गप्प होतो." आणि दुसऱ्यानं कबूल केलं की घाईत त्यानं पण एकदा चुकीचं पॅनल चालू केलं होतं. त्याला तर चांगलं वाचता येतं!

"आता देणार परीक्षा?" मी विचारलं.

"देणार."

शनिवार, २३ मे

उद्या. तिसरी कॅसेट ऐकून ऐकून तुटली. मामंजींनी त्याच्या कंपासपेटीत गावच्या देवळातला अंगारा ठेवलाय, मला म्हणाले, त्याला सांगू नको.

रविवार, २४ मे

सगळं लिहून ठेवते. त्यानं सांगितलं तसंच.

हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं. पेपर वाटले. ह्यानं पोस्टकार्ड काढलं तर परीक्षक धावत आले — कॉपी आहे का? उलटसुलट करून बघितलं. कोरं. मधे भोक. "हे काय?" ह्यानं सांगितलं. त्यांनी ठेवू दिलं.

पहिला प्रश्न वाचायला त्याला अकरा मिनिटं लागली. सात प्रश्न. हिशोब सरळ होता — वाचण्यातच सव्वा तास जाणार, लिहायला वेळ पुरणार नाही. घाम. कागद ओला. "वनमाला, सगळं येत होतं गं. नुसतं विचारतायत काय ते कळत नव्हतं."

मग तो उभा राहिला.

सगळ्यांनी पेनं थांबवली. "साहेब, मला प्रश्न वाचून दाखवा. उत्तरं मीच लिहीन. मला वाचायला उशीर लागतो, लहानपणापासून."

मागून हसण्याचा आवाज. कुणीतरी शिट्टी मारली. परीक्षक म्हणाले, "खाली बसा. एकट्याला वाचून दाखवायचा नियम नाही."

हा बसला नाही. "मग सगळ्यांना वाचून दाखवा, साहेब. तसा नियम आहे का, की सगळ्यांना दाखवायचं नाही?"

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला. मग म्हणाले, "तसा काही नियम नाही." आणि टेबलाला टेकून पेपर हातात घेतला — पहिल्यापासून सातव्यापर्यंत, आख्ख्या हॉलला, मोठ्यानं वाचला!

हसणारे गप्प झाले. आणि मागच्या बाकावरून एक घोगरा आवाज आला, "साहेब, तिसरा परत एकदा."

दत्तारामनं वळून बघितलं. चाळिशीचा माणूस. मान खाली. कान लाल.

बाहेर आल्यावर ह्यानं त्याला गाठलं. दोघांनी चहा घेतला, फार बोलले नाहीत. ह्यानं एवढंच सांगितलं, घाटकोपरला भटवाडीत ये, घाडी वायरमन कुणालाही विचार.

मी विचारलं, "उभं राहताना काय वाटलं?"

"काय नाय. पाय उभे राहिले. त्यांना आता सवय झालीय."

मंगळवार, २ जून

तोंडी परीक्षा. चाळीस मिनिटं ठेवून घेतलं. वीस त्यांनी विचारलं, वीस ह्यानं त्यांना शिकवलं म्हणतो! फुशारकी. पण खोटं नसावं.

बुधवार, ८ जुलै

पास! लेखीत बावन्न, पन्नासाला पास. तोंडीत अठ्ठ्याऐंशी. पत्र त्यानं स्वतः वाचलं. मग मामंजींना वाचून दाखवलं. मग शेजारच्यांना. चौथ्यांदा वाचायला लागला तेव्हा मीच म्हटलं, पुरे आता!

रविवार, २ ऑगस्ट

दुपारी दारात एक जोडपं. तो मागच्या बाकावरचा माणूस. कुंडलिक त्याचं नाव, देवनारला पंपांवर वायरमन आहे. नापास झालाय, तिसऱ्यांदा.

बोलली ती त्याची बायको, द्रौपदी. माझा हात धरून म्हणाली, "ताई, मी शाळेचं तोंड बघितलेलं नाही. पण एकदा ऐकलं की विसरत नाही. तुम्ही कसं कसं केलंत ते मला पहिल्यापासून सांगा."

सांगायला गेले. जमेना. कुठून सुरू करणार! मग पेटीतून ही वही काढली.

दत्तारामनं वहीकडे बघितलं. "ही कसली?"

"बसा," म्हटलं. आणि त्या दोघांसमोर, त्याच्यासमोर, पहिल्या तारखेपासून मोठ्यानं वाचायला लागले.